यंत्रबाहूचे मनगट

यंत्रमानवाचा हात म्हणजे माणसाच्या हाताची नक्कल, अशी समजूत रूढ आहे. वस्तू हवी तेथे नेण्यास तीन आणि हवी तशी वळविण्यास तीन, असे सहा सांधे त्यास लागतात, हेही खरे. परंतु खुंटी भोकात बसविण्याचे साधे काम या बाहूंना दीर्घकाळ जड गेले. केसाएवढा फरक पडला तरी ताठ बाहू अडकतो. कामगाराचे मनगट नकळत किंचित सरकते. (या कामास ‘अकुशल’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे!)

जपानमधील यामानाशी विद्यापीठाचे हिरोशी माकिनो यांनी १९७८ साली निराळी वाट धरली. त्यांच्या ‘स्कारा’ बाहूचे खांदा आणि कोपर दाराच्या बिजागरीप्रमाणे आडव्या पातळीतच फिरतात. साहजिकच त्या मोटारींना बाहूचे वजन तोलावे लागत नाही. बाजूंना तो थोडे नमते घेतो, खाली दाबताना मात्र ताठ राहतो. हालचाली चारच, म्हणून वेगही अधिक. १९८१ मध्ये तो बाजारात आला. पुढे कारखानदारांनी वस्तूच अशा आखल्या, की प्रत्येक भाग वरूनच बसावा. जुळणीच्या बाकांवरील कितीतरी हातांचे काम त्यायोगे या बाहूंकडे गेले. लोंबती, वळणारी तार जोडावयाची असेल तेथे बहुधा अजूनही माणूसच बसतो.