दार अडवणाऱ्या दगडाने पालटलेले बेट

भिलाईच्या नेहरू नगरातील रहिवाशांना खाणीचे मोल वेगळे सांगायला नको. दल्ली-राजहराच्या डोंगरांतून लोहखनिज आले, म्हणून तर १९५९ साली भिलाईची पहिली भट्टी पेटली! पण जमिनीतले धन संपल्यावर वर राहणाऱ्यांचे काय होते? प्रशांत महासागरातील नाउरू या चिमुकल्या बेटाची कहाणी याच प्रश्नाची आहे.

नाउरूचे क्षेत्रफळ जेमतेम २१ चौरस किलोमीटर. १८७८ पासून तेथील टोळ्या आपसांत लढत होत्या. १८८८ मध्ये जर्मनीने बेट ताब्यात घेतले, बंदुका जप्त केल्या आणि युद्ध थांबवले. जर्मन व्यापाऱ्यांना हवे होते ते खोबरे. पायाखाली काय दडले आहे, याची त्यांनाही कल्पना नव्हती!

नाउरूहून आलेला एक दगड सिडनीतील एका कंपनीच्या कचेरीत दार अडवण्यासाठी ठेवलेला असे. त्याला सारे दगड बनलेले लाकूड समजत. अल्बर्ट एलिस या कर्मचाऱ्याने १८९९ मध्ये तो तपासला आणि निघाले उत्तम प्रतीचे फॉस्फेट, म्हणजे खताचा कच्चा माल! जर्मनीच्या संमतीने ब्रिटिश कंपनी तेथे उतरली. १९०७ पासून जहाजे भरून जाऊ लागली. बेटकऱ्यांच्या वाट्याला आला टनामागे अर्धा पेनी.

१९१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फौजेने बेट घेतले. धनी बदलले, खोदाई चालूच राहिली. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी सुमारे १२०० नाउरूवासीयांना दूरच्या ट्रुक बेटांवर नेले. ३१ जानेवारी १९४६ रोजी परतले फक्त ७३७. त्याच तारखेला १९६८ मध्ये नाउरू स्वतंत्र झाले आणि १९७० मध्ये खाणीही त्यांच्या हाती आल्या.

मग पैशाचा पूर आला. मेलबर्नमध्ये नाउरूची ५२ मजली इमारत उभी राहिली. १९८१ मध्ये ओडिशातील पारादीप फॉस्फेट्स ही कंपनी भारत सरकारने नाउरूच्याच भागीदारीत काढली. जुन्या खोदाईच्या नुकसानीपोटी ऑस्ट्रेलियाने १९९३ मध्ये १० कोटी ७० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. पण खनिज आटले, गुंतवणुका बुडाल्या आणि २००४ मध्ये ती इमारतही विकावी लागली.

आज बेटाच्या मधोमध चुनखडीचे ओसाड सुळके तेवढे उभे आहेत. माणसे किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्टीत राहतात. पैसा आला तसा गेला. गेलेली माती मात्र कोणत्याही भरपाईने परत आली नाही.