हजेरीबुकातली माणसं पॉलिसीत आहेत का?

मोरबीहून आलेल्या 800 बाय 1600 च्या लाद्यांच्या दोन पेट्या उतरवताना फुटल्या, तर साइटवर दिवसभर तोच विषय चालतो. त्याच साइटवर एक पोरगा ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून पॉलिश मशीन चालवत असतो, वायरचा जोड उघडा असतो. त्याचा विमा आहे का, हे कोणी विचारत नाही. मी पुण्यात लादी बसवायची कामं घेतो. माझं स्पष्ट मत आहे, ठेकेदाराने विम्याचा पहिला रुपया माणसांवर घालावा, मालाचं नंतर बघावं.

जबाबदारी कायद्यानेच आपली आहे. 1923 सालच्या कायद्यापासून कामावरच्या अपघाताची भरपाई मालकाने द्यायची आहे, आता त्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. हिशोब करून बघा. 30 वर्षांचा मिस्त्री कामावर दगावला, पगार महिना 15,000 धरला, तर त्याचा निम्मा 7,500 गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा 207.98. झाले सुमारे 15 लाख 60 हजार. कायमचा पूर्ण अधू झाला तर निम्म्याऐवजी 60 टक्के, म्हणजे 18 लाखांच्या वर. लहान ठेकेदार हे कुठून आणणार? आणि त्याने नाही आणले तर त्या घरात काय शिजणार? ‘बिल्डर बघेल’ म्हणून भागत नाही. बिल्डरने भरपाई दिली तरी ती तो आपल्याकडून वसूल करू शकतो.

‘सगळ्यांचा वीस रुपयेवाला काढलाय,’ असंही ऐकतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात. जरूर काढावा. पण तो त्या माणसाचा स्वतःचा विमा, आपलं देणं त्याने फिटत नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी असते, धंद्यात तिला ‘डब्ल्यूसी’ म्हणतात.

तिचा प्रीमियम माणसं किती, काम कसलं आणि वर्षाचा पगार किती, यावर ठरतो. गडबड इथेच होते. हजेरीला बारा जण, फॉर्मवर सहा. पुढे दावा लागला की कंपनी हजेरीबुक आणि पगाराचा हिशोब मागते, तफावत दिसली की रक्कम कापते, आणि ती कपात भोगतं मिस्त्रीचं कुटुंब. पोटठेकेदाराची माणसं वेगळी नोंदवून घ्यावी लागतात. दवाखान्याचा खर्च आणि धंद्यातले आजार यांना बहुधा जादा प्रीमियम पडतो. तो भराच. ग्रॅनाइट सुका कापताना उडणारी धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात साठते, आणि सिलिकोसिस बरा होत नाही. कटरवर पाणी सोडणं अर्थात कुठल्याही पॉलिसीच्या आधी.

जुनी लादी फोडताना आतला पाइप फुटून खालच्या फ्लॅटचं छत भिजलं, तर तिसऱ्याच्या नुकसानीचा विमा लागतो. मोठ्या कामात तो ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ पॉलिसीत बसतो. लादी पोकळ वाजते, बाथरूमचा उतार उलटा गेलाय, असलं आपलंच खराब काम पुन्हा करायचा खर्च मात्र तीही देत नाही, आणि ते मला रास्त वाटतं.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिथे दाद लागली नाही तर धंदा एकट्याच्या नावावर असलेल्यांना विमा लोकपालाकडे जाता येतं. मर्यादा 50 लाखांची, मुदत एक वर्षाची. फी नाही, वकीलही लागत नाही.