अण्णांची पुडी आणि वहिनींचे कार्ड

गेल्या वर्षी दिवाळीला आठ दिवस राहिले असताना मी बाळीवेशीतल्या माहेरी गेले, तो वहिनी माजघरात बसून कार्डे खोडीत होत्या. पुढ्यात व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा, हातात काळे स्केचपेन. एक कार्ड उचलायचे, त्यावरची एकच ओळ काळी करायची, फुंकर मारायची आणि पलीकडच्या ढिगावर ठेवायचे. ती ओळ माझ्या दादाच्या नावाची होती. दादा २०२२ साली गेला.

"अहो वहिनी, हे काय चाललंय?"

"काय करू वन्सं? सहाशे कार्डं उरलीत. चांगला जाड कागद आहे, टाकून कशी द्यायची? अन् गेलेल्या माणसाचं नाव गिऱ्हाइकाच्या हातात तरी कसं ठेवायचं?"

आमच्या घरचा शेंगाचटणीचा व्यवसाय तीस वर्षांचा. चटणी वहिनींची. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, साले पाखडायची, आणि लसूण, जिरे, तिखट, मीठ घालून उखळात इतके कुटायचे की दाण्याने आपले तेल आपणहून सोडले पाहिजे. मिक्सरमध्ये भुकटी होते, चटणी होत नाही, हे सोलापूरकराला सांगावे लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. जोडीला ज्वारीच्या कडक भाकरी. दादा माल पोहोचवायचा, उधारी वसूल करायचा, चार माणसांत बोलायचा. म्हणून कार्डावर 'चालक' या शब्दापुढे नाव दादाचे. वहिनींचे नाव कार्डावर कधी नव्हतेच, आणि ते नाही हे मला तरी त्या संध्याकाळपर्यंत कधी जाणवले नव्हते!

दुसऱ्या दिवशी भाचीला बरोबर घेऊन मी छापखान्यात गेले. भाची पुण्यात नोकरीला असते, दिवाळीसाठी आली होती. छापखान्याचा मालक भला माणूस. त्याने संगणकावर आमचे जुने कार्ड उघडून दाखवले. मी म्हटले, "यातली ही एक ओळ तेवढी काढा, आणि पत्ता-फोन तसाच राहू द्या."

"बाई, ही अक्षरं राहिलेली नाहीत, चित्रं झालीत. नवं डिझाईन करावं लागेल."

घोटाळा असा होता. छापखान्यात मजकूर जुळवून झाला की अक्षरांचे 'कर्व्ह' करून टाकतात, म्हणजे प्रत्येक अक्षराची नुसती बाह्यरेषा उरते. त्यामागे कारणही सबळ आहे. एका यंत्रावर असलेला अक्षरसंच, म्हणजे फाँट, दुसऱ्या यंत्रावर नसला, तर छापताना 'चटणी'चे भलतेच काही होऊन बसते. रेषांना ते भय नाही. पण रेषांमधून नाव खोडून नवे टाईप करता येत नाही. 'कर्व्ह' करण्यापूर्वीची प्रत कोणी जपून ठेवली नव्हती, आणि असती तरी ती जुन्या पद्धतीच्या फाँटमधली. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालापासून आहे; पण त्यानंतरही कित्येक वर्षे छपाईचे पुष्कळ काम ज्या त्या फाँटच्या खाजगी संकेतांवर चालले. एकाचा 'क' इंग्रजी 'डी'च्या घरात, तर दुसऱ्याचा आणखी कुठे!

परत येताना भाची म्हणाली, "आत्या, मी मोबाइलवर दहा मिनिटांत करून देते." आणि खरेच दहा मिनिटांत तिने कार्ड केले. झेंडूची माळ, पणत्या, सोनेरी कडा, सगळे होते. पण वहिनींनी दुकानाचे नाव जरा मोठे करायला सांगितले तेव्हा पत्ता पणतीवर जाऊन बसला. फोन खाली घेतला तर माळ तुटली. दर बदलाला सगळे कार्ड नव्याने मांडायचे! तेव्हा मला अण्णांची आठवण झाली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, नवी पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी होते. मराठीचा जुळारी म्हणजे इंग्रजीच्या जुळाऱ्यापेक्षा सोशीक प्राणी. काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे धरून त्याच्या पुढच्या केसमध्ये खिळ्यांची शेकडो घरे, आणि कुठल्या घरात कोणता खिळा हे बोटांनाच ठाऊक. काम छापून झाले की खिळे सुटे करून पुन्हा आपापल्या घरी पाठवायचे, असा शिरस्ता. पण नेहमीच्या गिऱ्हाइकांचे कार्ड अण्णा सुटे करीत नसत. जुळवलेला मजकूर सुतळीने चारी बाजूंनी करकचून बांधायचा, कागदात पुडी करायची, वर गिऱ्हाइकाचे नाव लिहायचे आणि फळीवर ठेवून द्यायचे. वर्षाने तो मनुष्य आला की पुडी सोडायची, शाई लावायची, ट्रेडलवर चढवायची.

आणि काही बदल असला तर? १९७२ साली पंधरा ऑगस्टपासून पोस्टाचे पिनकोड सुरू झाले. मी तेव्हा दहा वर्षांची होते. अण्णांचा डबा घेऊन गेले की पाहायची, फळीवरच्या पुड्या एकामागून एक खाली येत होत्या. कुणी डॉक्टर, कुणी वकील, कुणी चादरीचे व्यापारी. सगळ्यांना पत्त्यापुढे सहा आकडे हवे होते. अण्णा सुतळी सोडीत, चिमट्याने पत्त्याच्या ओळीच्या शेवटचे कोरे खिळे उचलीत, तिथे ४१३००१ बसवीत आणि पुन्हा बांधीत. बाकीच्या ओळींना हातसुद्धा लागत नसे. मी विचारले होते, "तिथे जागा मोकळी कशी होती?" ते म्हणाले, "पत्ता कधी एवढ्यावर थांबत नसतो."

या गावाला ही युक्ती नवी नाही. साखर पेठेकडे जेकार्डाचे माग पाहिले असतील, त्यांच्या डोक्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची साखळी फिरत असते. लियोंच्या जॅकार्डने १८०४ साली काढलेली ही तऱ्हा. एका आडव्या धाग्याला एक कार्ड. भोक असेल तिथे उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा वेल ही त्या साखळीची करामत. काठाजवळ नाव विणायचे असले तर त्या पट्ट्यापुरती कार्डे निराळी पाडायची, मोराच्या कार्डांना धक्का लावायचा नाही. आता संगणकावर चालणारी जेकार्डे आली. तरी मोर वेगळा आणि नाव वेगळे ठेवायचे, हा विचार तोच.

तर मी भाचीला म्हटले, "मोबाइल ठेव. आलेखाचा कागद आण." आम्ही तिघी जेवणाच्या टेबलाशी बसलो. कागदावर साडेतीन इंच लांब, दोन इंच उंच अशी चौकट काढली. कडेपासून पाच मिलिमीटर आत दुसरी चौकट. अक्षर जे काय असेल ते आतल्या चौकटीत, कारण कापताना पाते थोडे इकडेतिकडे सरकतेच. कडेपर्यंत रंग न्यायचाच नाही असे ठरवले. पणत्या गेल्या. भाची थोडी हिरमुसली.

मग खरे काम सुरू झाले: काय कायमचे आणि काय बदलणारे? दुकानाचे नाव कायमचे, ते आईच्या नावावरून आहे. 'शेंगाचटणी व कडक भाकरी' कायमचे. पत्ता घरचाच, पण त्याची ओळ वेगळी ठेवली. अन्नपरवान्याचा चौदा अंकी क्रमांक चटणीच्या पाकिटावर असतोच, म्हणून कार्डावरून वगळला. भाचीला क्यूआरचा चौकोन हवा होता. त्यात फोन नंबर कोंबलेला असतो, नंबर बदलला की चौकोनही बदलायला हवा. म्हणून तो बदलणाऱ्यांत टाकला.

फोनच्या ओळीपाशी गाडी अडली. भाचीचे म्हणणे, आता तिचा किंवा वहिनींचा नंबर घालावा. वहिनी काही बोलेनात. दादाचा नंबर त्यांनी आपल्या नावावर करून घेतला होता. फोन देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला लावलेला असे. नेमका तेव्हाच तो वाजला. विजापूरचे एक जुने गिऱ्हाईक होते. पलीकडून आवाज आला, "साहेब आहेत का?"

वहिनींनी काय झाले ते दोन वाक्यांत सांगितले, पलीकडचे गप्प झालेले थोडा वेळ ऐकून घेतले, आणि मग शांतपणे विचारले, "यंदा किती किलो पाठवू?"

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "हा नंबर कायमच्यात घाला."

राहिली नावाची ओळ. मी म्हटले, "वहिनी, इथे तुमचं नाव." त्यांनी मान हलवली. "नको वन्सं, सध्या रिकामीच राहू द्या." मी आग्रह केला नाही. पण ओळ काढूनही टाकू दिली नाही. अण्णांच्या कोऱ्या खिळ्यांसारखी ती ठेवली. मोठ्यात मोठे नाव मावेल एवढी लांब, आणि डावीकडून सुरू होणारी. नाव मधोमध ठेवले की लहानमोठे झाल्यावर सगळा तोल जातो. डावीकडून सुरू केले की उरली जागा उजवीकडे निमूट पडून राहते.

संगणकावरचे काम भाचीचे, पण सांगण्यासारखे आहे. लिबरऑफिस म्हणून एक फुकट मिळणारी प्रणाली आहे, तिच्यात व्हिजिटिंग कार्डांची वेगळी सोय आहे. एका ए-फोर कागदावर दहा कार्डे मांडायची आणि 'सिंक्रोनाइझ'ची खूण करायची. मग पहिल्या कार्डात केलेला बदल एक बटण दाबले की उरलेल्या नऊंत उतरतो. ही फाईल 'टेम्प्लेट' म्हणून जतन केली. तशी ठेवली म्हणजे उघडताना दर वेळी तिची नवी नक्कल उघडते, मूळ प्रत जिथल्या तिथे. अण्णांची पुडीच, सुतळी तेवढी दिसत नाही! छापखान्याकडे जाते ती नकलेची पीडीएफ. तिचे तिथे खुशाल 'कर्व्ह' करोत. मूळ प्रत घरी, एक भाचीकडे आणि एक माझ्याकडे.

अक्षर निवडले ते बलू. मुंबईच्या 'एक टाइप'च्या मंडळींनी केलेला हा युनिकोड फाँट आहे, धंद्यासाठी वापरायलाही मोफत. गोलमटोल, चटणीच्या गोळ्यासारखा. मला तो पटला त्याचे कारण निराळे. आपल्या गावात एका गल्लीत मराठी, दुसरीत तेलुगू, तिसरीत कन्नड आणि चौथीत उर्दू ऐकू येते. बलूची भावंडे या चारही लिप्यांत आहेत. पुढेमागे पूर्व भागातल्या तेलुगू गिऱ्हाइकांसाठी किंवा कलबुर्गीकडच्यांसाठी कार्ड काढायचे झाले, तर चौकट तीच राहील आणि अक्षरही एकाच घरातले वाटेल. आकडे मात्र इंग्रजी ठेवले. माझ्यातल्या शिक्षिकेला ते रुचले नाही, पण कलबुर्गीच्या दुकानदाराने कार्ड पाहून फोन लावायचा आहे, शुद्धलेखन तपासायचे नाही.

दिवाळीच्या दोन दिवस आधी कार्डे छापून आली. शंभरच. पूर्वी हजार छापायचो, कारण जुळणीचा खर्च हजारांवर पसरला की कार्ड स्वस्त पडते. पण पडून राहिलेली सहाशे कार्डे कुणी हिशेबात धरली होती? आता पाहिजे तेव्हा शंभर काढता येतात. ती खोडलेली सहाशे वहिनींनी फेकली नाहीतच. त्यांच्या कोऱ्या बाजूवर 'कमी तिखट', 'जास्त तिखट' असे लिहून त्या डब्यांवर लावतात.

यंदा गणपतीत कार्डे संपली. मी आणि वहिनी संगणकापुढे बसलो, भाची पुण्याहून फोनवर सूचना देत होती. टेम्प्लेट उघडले. नावाची ओळ रिकामी, कर्सर तिथे लुकलुकत होता. मी जतन करून पीडीएफ काढणार, तोच वहिनी म्हणाल्या, "थांबा जरा." खुर्ची पुढे ओढून त्यांनी एका बोटाने, अक्षर शोधून शोधून, त्या ओळीत आपले नाव लिहिले. एक वेलांटी चुकली, ती मागे जाऊन सुधारली. पहिल्या कार्डावर नाव आले; बटण दाबताच उरलेल्या नऊंवर आले. उजवीकडे दोन-तीन अक्षरांची जागा मोकळी राहिली.

मी छापखान्याला फोन लावला. मालकाने विचारले, "किती काढू?"

"शंभर," मी म्हटले.

मागून वहिनींचा आवाज आला, "वन्सं, दोनशे सांगा."