जेवणघरातला तरणतलाव

१९५२चा उन्हाळा. दक्षिण फ्रान्समधल्या नीस शहरात, रेजिना नावाच्या जुन्या हॉटेलातल्या आपल्या बिऱ्हाडात चित्रकार आंरी मातीस राहत होता. वय ८२. १९४१ साली पोटाचं मोठं ऑपरेशन झाल्यापासून त्याला फार वेळ उभं राहणं जमत नसे. बराचसा दिवस बिछान्यात नाहीतर चाकाच्या खुर्चीत जायचा. एके दिवशी त्याने आपली मदतनीस लिडिया डेलेक्टोरस्काया हिच्यापाशी हट्ट धरला, की पाण्यात सूर मारणारी माणसं बघायची आहेत. दोघं कान शहरातल्या त्याच्या आवडत्या तलावावर गेली. पण ऊन असं रणरणत होतं की तिथे थांबवेना. घरी परतल्यावर त्याने ठरवलं, तलाव आता घरातच करायचा.

जेवणघराच्या भिंतींना गोणपाटाच्या जातीचं तपकिरी, जाडंभरडं कापड लावलेलं होतं. त्यावर डोक्याच्या जरा वरच्या उंचीला पांढऱ्या कागदाचा पट्टा त्याने लिडियाकडून टाचण्यांनी लावून घेतला. मग मातीसने कात्री घेतली. मदतनिसांनी आधीच निळ्या रंगात रंगवून ठेवलेल्या कागदांतून तो एकेक आकार कापत गेला. वळलेली पाठ, उडालेलं पाणी, मासा की माणूस हे सांगता येऊ नये असे आकार. कागद भिंतीवर टाचायचा, खुर्चीतून बघायचा, इंचभर सरकवायचा, पुन्हा बघायचा. काही आकार पट्ट्याच्या बाहेर, कापडावर उसळले. निळा, पांढरा आणि मागचं तपकिरी यांखेरीज चौथा रंग नाही. पन्नासहून अधिक फुटांचं हे काम आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. झालं ते मात्र एका म्हाताऱ्या, आजारी माणसाच्या जेवणघरात, त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना गारवा मिळावा म्हणून.

अमूर्त चित्र म्हटलं की आपल्याकडे दोनच चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक, लिलावात कोटींच्या बोली लागणारं. दुसरं, फर्निचरच्या दुकानात सोफ्याच्या मागे टांगलेलं, तीन तुकड्यांत छापलेलं, उशांच्या अभ्र्यांशी रंग जुळवून घेतलेलं. पहिलं आपल्याला परवडत नाही, म्हणून नवा फ्लॅट लागला की आपण दुसरं आणतो. या दोन्हींच्या मध्ये घरी, हाताने करायच्या चित्राची मोठी वाट आहे, आणि या कलेचे मोठे लोक त्याच वाटेने गेले. हे मला इतकं ठामपणे सांगावंसं वाटतं, कारण गेली काही वर्षं मी त्यांची चरित्रं वाचताना त्यांच्या हातात काय होतं तेवढंच टिपत गेले. कात्री, टाचण्या, चिकटपट्टी, रोलर, दाराला लावायचा एनॅमल, रद्दीचा कागद. सगळी आपल्या घरातली हत्यारं.

पीट मोंद्रियानचंच बघा. सरळ काळ्या रेघा आणि लाल, पिवळे, निळे चौकोन, एवढंच त्याचं चित्र आपण ओळखतो. पॅरिसच्या र्‍यू द्यू देपार या रस्त्यावरच्या त्याच्या खोलीत भिंतींवर रंगवलेले पुठ्ठे होते आणि ते तो सतत हलवत असे. दाराशी फुलदाणीत एक कृत्रिम ट्यूलिप होतं. त्याचं हिरवं पानसुद्धा त्याने पांढरं रंगवून टाकलं होतं, हिरवा रंग घरात नको म्हणून! १९३० साली अलेक्झांडर काल्डर हा तरुण अमेरिकन शिल्पकार तिथे गेला. भिंतीवरचे चौकोन बघून तो म्हणाला, हे हलते केले तर मजा येईल. मोंद्रियानने गंभीरपणे नकार दिला. त्याच्या मते त्याची चित्रं मुळातच पुरेशी वेगवान होती. काल्डर घरी गेला आणि पुढे त्याने तारेला पत्र्याचे तुकडे लटकवून वाऱ्यावर फिरणारी शिल्पं करायला सुरुवात केली. १९५५च्या आरंभी तो साराभाई कुटुंबाच्या निमंत्रणावरून अहमदाबादला आला आणि त्यांच्याकडे राहून त्याने अशी टांगती शिल्पं केली. बांबूच्या कामट्या बांधून, खळ लावून, रंगीत कागद डकवून ज्यांनी लहानपणी आकाशकंदील केला आहे, त्यांना काल्डरचं काम समजावून सांगावं लागणार नाही. कामटी एका बाजूला जड झाली की कंदील कसा तिरका लटकतो आणि शेपटीची एक झिरमिळी कापली की कसा सरळ होतो, हे आपल्या बोटांना ठाऊक असतं.

मोंद्रियान पुढे युद्धामुळे न्यूयॉर्कला गेला. तिथल्या शेवटच्या घरात टेबल, स्टूल, शेल्फ त्याने खोक्यांच्या फळ्या ठोकून स्वतः बनवले. पांढऱ्या भिंतींवर पुन्हा रंगीत पुठ्ठे आले. अखेरच्या चित्रावर तो रंगीत चिकटपट्ट्या लावून-काढून बघत होता आणि १ फेब्रुवारी १९४४ला तो गेला तेव्हा त्या पट्ट्या चित्रावर तशाच होत्या. त्याच्या मित्राने ती खोली जशीच्या तशी ठेवून काही आठवडे लोकांना बघायला खुली केली होती.

आता माझ्या घरातली गोष्ट. डोंबिवलीत आम्ही जागा घेतली तेव्हा हॉलची एक भिंत, सुमारे अकरा फुटांची, सहा महिने मोकळी होती. येणारा प्रत्येक जण तिथे काय लावायचं ते सुचवून जाई. मी दोनदा दुकानात जाऊन छापील चित्रं बघून आले आणि रिकाम्या हाताने परतले. मग एका रविवारी कपाटाच्या वरच्या खणातून आजीने शिवलेली वाकळ काढली, दोन खुर्च्यांच्या पाठींवर पसरली आणि लांब जाऊन बसले.

आई म्हणाली, "अगं, वाकळ काय भिंतीला लावतात? पांघरायची वस्तू ती."

"आजीनं ती काय बघून शिवली असेल गं?"

"बघून कशाला? जे हाताला लागलं ते लावलं." मग थोडं थांबून, "निळं लुगडं मात्र तिनं पुरवून पुरवून वापरलेलं."

खरंच तसं होतं. बाहेरून निळ्याची चौकट, तिच्या आत विटलेल्या लालाची, त्याच्या आत धोतराचं पांढरं. निळी चौकट तीन बाजूंनी नीट आली आहे. चौथ्या बाजूला, डाव्या कोपऱ्याच्या अलीकडे वीतभर अंतरावर निळं संपलं, म्हणून तिथे खणाच्या चोळीचा जांभळा तुकडा बसवला आहे. तुकडा लहान पडला तर त्याला खाकी चड्डीच्या कापडाचं ठिगळ. धावदोरा कडेने सुरू होऊन चौकोनात चौकोन घेत मध्याकडे येतो आणि हाताच्या पंजाएवढ्या जागेत संपतो. त्या जांभळ्या तुकड्यापाशी टाके दाट झाले आहेत, कारण तिथे कापडाचे थर जास्त. सबंध वाकळीत नजर पहिली जाते ती तिथेच. तो तुकडा निळा असता तर ती वाकळ मी पुन्हा घडी करून ठेवली असती.

अशा वाकळी इतरत्रही शिवल्या जातात. अमेरिकेत अलाबामा नदीच्या एका वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या काळ्या बायकांचे पूर्वज कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. मळेवाल्याचं पेटवे हे आडनाव अजून कित्येक घरांत चालतं. थंडी आत येऊ नये म्हणून या घरांतून भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवलेली असत. छायाचित्रकार आर्थर रोथस्टीनने १९३७ साली काढलेल्या फोटोंत ती दिसतात. या बायका फाटके कामाचे कपडे आणि पिठाच्या पिशव्या जोडून गोधड्या शिवत. त्यांच्या एका आवडत्या रचनेला त्या घराचं छप्पर म्हणतात. ती रचना म्हणजे चौकोनात चौकोन, मध्याकडे जाणारे. मिसुरी पेटवे या बाईने १९४२ साली नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, त्याची आठवण अंगावर घेता यावी म्हणून. तिच्यात कापडाच्या विटलेल्या जागा तशाच दिसतात. २००२ साली या गोधड्या ह्यूस्टनमध्ये आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतींवर लागल्या, तेव्हा समीक्षकांनी त्यांची गणना आधुनिक अमूर्त कलेत केली. आणखी जवळचं उदाहरण उत्तर कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांचं. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या आणि तिथून निसटून जंगलात आलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्या गोधडीला कवंद म्हणतात. ती कडेने शिवत शिवत मध्याकडे नेतात आणि चारही कोपऱ्यांना कापडाचं दुमडलेलं फूल लावतात. फुलाशिवाय कवंद उघडीवाघडी, असं तिथे मानतात.

अशी वाकळ भिंतीवर लावायची असेल तर खिळे ठोकू नका. मागच्या बाजूला वरच्या कडेशी पायजम्याला असतो तसा कापडी नेफा हाताने शिवायचा आणि त्यातून पडद्याचा दांडा ओवायचा. संग्रहालयंही हेच करतात. भार एका टाक्यावर न येता सगळ्या रुंदीवर पडतो. थेट ऊन लागणारी भिंत टाळायची आणि दर तीन-चार महिन्यांनी ती उतरवून कापडाला विसावा द्यायचा.

वाकळीनंतर रंगाकडे वळले ते चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्यामुळे. १९२४ साली नागपुरात जन्मलेले, मूळ गोव्याचे, गिरगावात वाढलेले आणि जे. जे.मधून १९४८ साली बाहेर पडलेले गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणणंही पसंत करत नसत. २०१३ साली मुंबईतल्या लिलावात त्यांच्या चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये आले आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. किमतीपेक्षा मला त्यांची रीत महत्त्वाची वाटते. रोलरने रंगाचा पातळ थर द्यायचा, वाळला की दुसरा. पॅलेट नाइफने खरवडायचं. वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर ठेवून उचलायचे, म्हणजे खालचा थर डोकावतो. आणि मधला बहुतेक वेळ नुसतं बसून बघायचं. वर्षाकाठी मोजकीच चित्रं होत.

प्रभाकर बरवे हे दुसरे. त्यांची चित्रं पूर्ण अमूर्त नव्हेत. पान, घड्याळ, चावी अशा वस्तू त्यांत मोकळ्या जागेत तरंगतात. विणकर सेवा केंद्रात कापडाची डिझाइनं करून त्यांनी संसार चालवला, आणि पुढे कॅनव्हासवर वापरला तो एनॅमल रंग, आपण खिडकीच्या गजांना लावतो तो. 'कोरा कॅनव्हास' या त्यांच्या मराठी पुस्तकात एक चित्रकार रिकाम्या जागेकडे किती काळजीपूर्वक बघतो ते कळतं. घर सजवायला निघालेल्याने सजावटीच्या दहा पुस्तकांऐवजी हे एक वाचावं, असं माझं मत आहे.

माझा पहिला प्रयत्न फसला. भाचीला बरोबर घेऊन मी सात रंग काढले आणि तासाभरात सगळ्याचा चिखल झाला. वर ते चित्र पावसाळ्यात बाहेरच्या ओलसर भिंतीला टेकवून ठेवलं. महिन्याने मागून बुरशी धरली. दुसऱ्या वेळी सावकाश केलं. मांजरपाट दोनदा धुऊन त्यातली खळ काढली. सुताराकडून पाइनच्या पट्ट्यांची दोन बाय तीन फुटांची चौकट करून घेतली, मध्ये एक आडवी पट्टी, आणि पट्ट्यांची आतली कड रंध्याने उतरती, म्हणजे कापडाला तिचा वळ येत नाही. कापड ताणताना आधी चारही बाजूंचे मध्य ठोकायचे, मग समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने कोपऱ्याकडे न्यायच्या. टिचकी मारली की डफासारखा आवाज आला पाहिजे. वर प्रायमरचे दोन हात आणि प्रत्येक हातानंतर पॉलिशपेपर.

रंग तीनच घेतले: गेरूचा, नीळ आणि पांढरा. भाचीने वर्तमानपत्र फाडलं, ओल्या गेरूवर ठेवलं आणि उचललं. खाली निळी, दातेरी कडांची जागा राहिली. ती ओरडली, "मावशी, हे आता पुसायचं नाही!" आम्ही ते भिंतीशी उभं करून चार दिवस येता-जाता बघत राहिलो. पाचव्या दिवशी खालच्या कोपऱ्यात एक पांढरी पट्टी दिली आणि थांबलो. एनॅमल वापरायचा तर एक लक्षात ठेवावं: तो पाण्याच्या रंगावर बसतो, पण त्याच्यावर पाण्याचा रंग धरत नाही. शिवाय खिडक्या उघड्या हव्यात, आणि पावसाळ्यात तो वाळायला दिवस घेतो.

चित्र लावताना आपण सहसा फार वर लावतो. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवण्याची कलादालनांची पद्धत घरालाही चांगली. भिंत ओल धरणारी असेल तर चौकटीच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल. आणि शेजारी दुसरं काही लावू नका. निदान वर्षभर तरी.

मातीसच्या तलावामागचं ते गोणपाटाचं कापड काळाबरोबर गडद होत गेलं, इतकं की निळे आकार त्यात बुडू लागले. वीसेक वर्षं तो लोकांना दाखवलाच नाही. संग्रहालयाने कागद एकेक करून सोडवले, मूळ रंगाचं नवं कापड आणलं आणि २०१४ साली जेवणघराच्या मापाची खोली करून, त्याच उंचीवर, तलाव पुन्हा लावला.

दिवाळीची आवराआवर झाली की बोहारीण दाराशी येईल. पातेल्याच्या बदल्यात गठ्ठा देण्याआधी त्यातली दोन जुनी लुगडी आणि एखादं धोतर काढून ठेवा. नीळ, गेरू आणि मांजरपाट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं.