जुनी फ्रेम, नवा सीटपोस्ट

नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीच्या ‘स्पोर्ट्स’सारख्या जुन्या इंग्रजी सायकलीत सीटचा आधार दोन सुट्या भागांचा असतो : फ्रेमच्या उभ्या नळीत उतरणारा साधा पोलादी दांडा, म्हणजेच सीटपोस्ट, आणि त्याच्या वरच्या बारीक टोकावर आवळलेला, सीटखालच्या तारा धरून ठेवणारा क्लॅम्प. या क्लॅम्पच्या चकत्यांना दाते असल्यामुळे सीटचा कल एकेका दात्यानेच बदलतो आणि दाते झिजले की सीट घसरू लागते. उलट, क्लॅम्प अंगचाच असलेल्या आणि दोन बोल्टांच्या सीटपोस्टमध्ये एक सैल व दुसरा घट्ट करून हा कल हवा तितका बारकाईने साधता येतो.

दांड्याची घडण बदलता येते. व्यास मात्र फ्रेमच ठरवते. रॅले स्पोर्ट्सच्या उभ्या नळीचा बाहेरचा व्यास २८.६ मिलिमीटर असून तिचा पत्रा जाड असल्याने आत २५.४ मिलिमीटरचा, म्हणजे एक इंची, दांडा बसतो. बाहेरून तेवढ्याच, पण रेनॉल्ड्स ५३१ या पातळ आणि मजबूत पोलादी नळीच्या फ्रेमला सहसा २७.२ मिलिमीटरचा लागतो. सीटपोस्टची मापे ०.२ मिलिमीटरच्या फरकाने बदलत असल्याने फूटपट्टी येथे निरुपयोगी ठरते आणि व्हर्नियर कॅलिपर लागतो; शिवाय आधीच्या मालकाने चुकीचा दांडा बसवला असण्याची शक्यता असल्यामुळे नळीचे तोंडही आतून मोजणे अगत्याचे असते. बारीक दांडा धरण्यासाठी नळीच्या तोंडाशी असलेला बोल्ट पिळत गेल्यास नळीच्या फटीचे दोन्ही काठ आत वाकतात आणि बोल्टाचे कान चिरतात, तर जाड दांडा ठोकून बसवल्यास नळीच फुगते. दांडा बराच बारीक असेल, तर योग्य मापाची धातूची बाही मध्ये घालणे हा समंजस उपाय आहे, कारण त्यात फ्रेमला धक्का लागत नाही आणि बदल केव्हाही मागे घेता येतो.

दांड्याच्या अक्षापासून क्लॅम्प किती मागे आहे, यावर बसण्याची ठेवण अवलंबून असते. उभी नळी बरीच मागे कललेल्या रोडस्टर प्रकारच्या सायकलीवर मागे झुकलेला क्लॅम्प स्वाराला पेडलपासून आणखी दूर नेतो; ताठ नळीच्या रेसिंग फ्रेमवर मात्र, विशेषतः आखूड तारांची चामडी सीट असल्यास, तोच क्लॅम्प उपयोगी पडतो. कमानींची चौतारी जुनी सीट नव्या क्लॅम्पमध्ये मावत नाही, कारण तो केवळ दोन तारांसाठी घडवलेला असतो.

वर्षानुवर्षे न हललेला दांडा गंजून अडकला असेल, तर गंज सोडवणारे तेल घालून धीराने वाट पाहावी. हातोड्याची घाई फ्रेमच्या जिवावर बेतते. नवा दांडा ॲल्युमिनियमचा असल्यास पोलादी नळीत ओलाव्यामुळे दोन्ही धातूंत विद्युत-रासायनिक क्रिया होऊन तो आत जखडतो, म्हणून ग्रीस लावूनच बसवावा, आणि किमान खोलीची खूण नळीच्या आत राहील इतका तो खाली उतरवावा.