रायफलच्या नळींतील पीळ

रायफल हें नांवच मुळीं नळींतील चऱ्यांवरून पडलेलें आहे. साध्या बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळींत मळसूत्राप्रमाणें फिरत गेलेले चरे पाडलेले असतात. गोळी त्या चऱ्यांना घट्ट धरून पुढें सरकते आणि बाहेर पडतांना स्वतःभोंवतीं गरगर फिरूं लागते. भोवरा वेगांत असेपर्यंतच आरेवर ताठ उभा राहतो. लांबट गोळीचेंही तसेंच. पुरेशी न फिरतां ती सुटली तर हवेंत कोलांट्या खाते आणि नेम धरणाराचें सारें कौशल्य फुकट जातें.

पण हा पीळ किती असावा? १८५३ सालीं ब्रिटिश सैन्यासाठीं एन्फील्ड रायफल मुक्रर झाली. चरबी लावलेल्या काडतुसांमुळें १८५७ च्या इतिहासांत जिचें नांव अजरामर झालें, तीच ही. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच, चरे तीन, आणि त्यांचा एक वेढा ७८ इंचांत पुरा होई. नळी होती ३९ इंचांची. म्हणजे गोळीला नळींत अर्धीच गिरकी मिळे.

१८५४ सालीं सरकारनें या कामीं मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांना हातीं धरलें. हे गृहस्थ बंदूक घडविणारे नव्हेत, यंत्रें घडविणारे. स्क्रूच्या आट्यांचें प्रमाण त्यांनीं १८४१ मध्यें ठरवून दिलें होतें, आणि त्यांच्या नांवाचे आटे हिंदुस्थानांतील कारखान्यांतही पुष्कळ वर्षें चालत आले. रायफल करण्याचीं यंत्रें उभारण्यापूर्वीं उत्तम नळी कोणती हें तरी कळलें पाहिजे, असा त्यांचा रास्त आग्रह होता. त्यांनीं घराजवळ पांचशें वार लांबीची बंदिस्त दालनवजा वाट बांधविली आणि तींत जागोजाग पातळ कागदाचे पडदे टांगले. प्रत्येक पडद्यावरील भोंकावरून गोळी कोठें कशी वळली तें वाचतां येई. त्यांतून निघालेला निष्कर्ष असा: गोळी जितकी लांब व बारीक, तितका पीळ अधिक हवा. त्यांनीं व्यास ०.४५१ इंच केला, वेढा वीस इंचांवर आणला आणि चरे अजिबात काढून टाकून नळीच षट्कोनी केली. गोळीही तशीच षट्कोनी.

१८५७ सालीं हाइथ येथें दोहोंची परीक्षा झाली. पांचशें वारांवर एन्फील्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी सत्तावीस इंच ढळल्या, तर व्हिटवर्थच्या साडेचार इंच. चौदाशें वारांवर एन्फील्डची एकही गोळी लक्ष्याला लागली नाहीं. २ जुलै १८६० रोजीं विंबल्डनच्या सामन्यांचें उद्घाटन करतांना राणी व्हिक्टोरियानें हीच रायफल झाडली आणि चारशें वारांवर गोळी जवळजवळ मध्यावर बसली. (रायफल अगोदरच ठाणावर नेम धरून पक्की बसविलेली होती, राणीनें फक्त दोरी ओढली.)

तरीही सैन्यानें ती घेतली नाहीं. किंमत फार, आणि तोंडाकडून भरावयाच्या अरुंद नळींत काळ्या दारूची काजळी सांचली कीं पुढची गोळी आंत उतरेना. शत्रु अंगावर आला असतां सैनिकानें नळी पुसत बसावें काय? अमेरिकेच्या यादवी युद्धांत मात्र दक्षिणेनें अशा कांहीं रायफली निवडक नेमबाजांना दिल्या. ९ मे १८६४ रोजीं उत्तरेचे जनरल जॉन सेजविक ज्या दूरच्या गोळीनें पडले, ती याच रायफलची होती असें मानलें जातें.

काजळीवर खरा तोडगा विल्यम मेटफर्ड यांनीं काढला. उथळ, गोलसर कडांचे सात चरे असलेली त्यांची नळी १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलींत आली. पण दैव असें कीं, लागलीच धूररहित कॉर्डाइट दारू प्रचारांत आली. काजळी कमी झाली, पण तिच्या प्रखर उष्णतेनें ते उथळ चरे झपाट्यानें झिजूं लागले. म्हणून १८९५ च्या ली-एन्फील्डमध्यें चौकोनी कडांचे, अधिक खोल असे पांच चरे पाडले गेले. वेढा दहा इंचांवर. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यांत पुढें कित्येक वर्षें याच घराण्याच्या रायफली तयार होत होत्या.

बहुकोनी नळी मात्र मेली नाहीं. दारू निर्धूम झाली, गोळीला तांब्याचें कवच आलें, नळी ठोकून घडविण्याचीं यंत्रें निघालीं. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनीच्या हेक्लर-कोख कारखान्यानें आपल्या पीएसजी-१ या अचूक नेमाच्या रायफलीस गोलसर कोनांची बहुकोनी नळीच बसविली.