साहसाचे नेतृत्व (लेखांक सहावा) : मालवणच्या पाण्यातील निर्णय

नियमपुस्तिका जिथे संपते तिथून पुढे समोरची माणसे, हवामान आणि मोहिमेचा हेतू एकत्र तोलून कृती ठरवण्याच्या क्षमतेला या लेखमालेत व्यावसायिक निर्णयबुद्धी असे म्हटले आहे. सह्याद्रीतील कडेचढाईच्या संदर्भात मागील लेखांकात तिचा विचार झाला. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर मात्र ती अगदी वेगळ्या कसोटीला लागते. कड्यावर येणारा माणूस बहुधा काही सराव करून आलेला असतो, तर मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगसाठी येणाऱ्या पर्यटकांपैकी अनेकांना पोहताही येत नाही.

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ज्याच्या बांधकामाला आरंभ केला त्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे खडक आणि त्यांवरील प्रवाळ ही येथील सागरी जीवनाची खरी संपत्ती असून, १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले ते याच पाण्यात. येथे चालणारी डुबकी ‘अनुभवापुरती’ असते, म्हणजे पर्यटकाला किनाऱ्यावर किंवा बोटीवर थोडक्यात सूचना दिल्या जातात, आणि पाण्याखाली त्याच्या पाठीवरील सिलिंडर धरून मार्गदर्शकच त्याला नेतो व आणतो. त्यामुळे पर्यटकाच्या वाट्याचे जवळजवळ सर्व निर्णय मार्गदर्शकाकडे जातात. या मार्गदर्शकांत आणि बोटी चालवणाऱ्यांत मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील माणसे मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्या निर्णयबुद्धीचे सामर्थ्य व तिची मर्यादा ही दोन्ही याच वस्तुस्थितीतून समजतात.

गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात अमेरिकेतील अग्निशमन दलाच्या अनुभवी प्रमुखांचा अभ्यास केला, तेव्हा ही माणसे पर्याय मांडून त्यांची तुलना करत बसत नाहीत, तर परिस्थितीची जातकुळी ओळखतात आणि सुचलेली पहिली कृती मनात चालवून पाहून ती अमलात आणतात, असे त्याला आढळले. बोट चालवणारा तांडेल नेमके हेच करतो. सकाळचे मतलई वारे पडून दुपारी समुद्राकडून वारा धरू लागला की पाणी कसे बदलेल, उधाणाच्या ओहोटीला देवबागजवळ कर्ली नदीचे बाहेर पडणारे पाणी समुद्राकडून येणाऱ्या लाटांना भिडले की मुखाशी लाटा कशा उभ्या राहून फुटतात, हे त्याला तक्त्यात पाहावे लागत नाही.

पण अशी ओळख विश्वासार्ह केव्हा मानावी? क्लाइन आणि डॅनिएल कानेमन या परस्परविरोधी विचारांच्या दोन अभ्यासकांनी २००९ मध्ये एकत्र लिहिलेल्या निबंधात दोन अटी सांगितल्या: भोवतालात काही नियमितता असावी, आणि आपला अंदाज बरोबर की चूक हे त्या माणसाला दीर्घ सरावात वेळोवेळी स्पष्ट कळत जावे. समुद्राच्या बाबतीत या दोन्ही अटी तांडेलापुरत्या पूर्ण होतात, कारण चुकलेला अंदाज त्याच दिवशी जाळ्यात, इंधनात किंवा बोटीच्या नुकसानीत दिसतो. पर्यटकाच्या बाबतीत मात्र दुसरी अट फारच अपुऱ्या प्रमाणात पूर्ण होते. घाबरलेला माणूस काही मिनिटांसाठी हाती येतो, वर आल्यावर छायाचित्रे घेऊन गावी जातो आणि खाली त्याला काय वाटले हे क्वचितच सांगतो. समुद्र वाचणारा डोळा माणूसही तितकाच नेमका वाचत असेल, हे म्हणूनच गृहीत धरता येत नाही. ते वेगळे कौशल्य आहे आणि ते वेगळेच शिकावे लागते.

याचे उदाहरण अंगठ्याच्या एका खुणेत सापडते. पाण्याखालच्या भाषेत तर्जनी आणि अंगठा जुळवून केलेले वर्तुळ ‘सर्व ठीक’ असे सांगते, तर वर केलेला अंगठा ‘वर चला’ असे सांगतो. परंतु जमिनीवर अंगठा दाखवून ‘मस्त’ म्हणण्याची सवय असलेला पर्यटक आनंदाच्या भरातही तीच खूण करतो. मार्गदर्शकाला त्या क्षणी मुखवट्यामागचे डोळे, बुडबुड्यांची गती, हातांची ताठरता यांवरून अर्थ लावावा लागतो, आणि अर्थ स्पष्ट नसेल तर सावकाश वर आणणे हाच योग्य निर्णय ठरतो. अकारण वर आणल्याने एक डुबकी वाया जाते. उलट खरोखर घाबरलेल्या माणसाने श्वास रोखून स्वतःहून वर झेप घेतली, तर कमी होत जाणाऱ्या दाबामुळे फुप्फुसातील हवा प्रसरण पावून थोड्या खोलीवरूनही गंभीर इजा होऊ शकते. संदिग्ध खुणेच्या वेळी दोन चुकांपैकी कोणती परवडते, हे आधीच ठरलेले असावे.

हे ‘आधी’ फार महत्त्वाचे आहे. हिमस्खलनाच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या इयान मॅकॅमन याने दाखवले की, ओळखीची जागा, ठरलेला बेत पार पाडण्याची ओढ आणि इतर लोक जाताना दिसणे यांमुळे जाणकारही धोक्याच्या खुणा नजरेआड करतात. मालवणात या दबावांची रूपे सर्वांना परिचित आहेत: पैसे आधी भरलेले, कुटुंबाच्या सहलीचा शेवटचा दिवस, शेजारची बोट निघालेली, आणि पावसाळ्यामुळे हंगाम संपत आलेला. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. त्या घटनेच्या कारणांचा निवाडा करणे हा या लेखाचा विषय नाही, तथापि डुबकी सुखरूप झाली म्हणजे जोखीम संपली असे नसते आणि परतीचा प्रवास हा निर्णयाचाच भाग असतो, हे तीवरून ध्यानात घ्यावेच लागते. वारा किती वाढला की निघायचे नाही, ओहोटीच्या कोणत्या टप्प्यापूर्वी परत फिरायचे, ही मर्यादा पर्यटक किनाऱ्यावर येण्यापूर्वी ठरली तरच ती टिकते. लहान मुले बोटीत बसल्यानंतर ती ठरवणे कोणत्याही तांडेलाला जड जाते.

राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने नोंदणीची आणि सुरक्षेची चौकट घातली आहे, तसेच महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभारली आहे; या दोन्ही गोष्टींचे मोल मोठे आहे. तरी प्रमाणपत्र माणसाला आरंभाच्या रेषेवर आणून सोडते. पुढची वाढ व्हायची तर, जो प्रतिसाद पर्यटकाकडून मिळत नाही तो सहकाऱ्यांनी एकमेकांना द्यावा लागेल. त्यासाठी दिवसाचे काम आटोपल्यावर तांडेल आणि मार्गदर्शक यांनी एकत्र बसून अपघात झाला का एवढेच न विचारता, आज कोणत्या क्षणी परत फिरावेसे वाटले होते, कोणती खूण पाहून तसे वाटले, आणि तरीही पुढे गेलो असलो तर कशाच्या भरवशावर, हे वहीत उतरवायला हवे. नव्या मार्गदर्शकाला पहिल्या पर्यटकाबरोबर पाण्यात उतरण्यापूर्वी ती वही वाचायला द्यायला हवी.